आधी दुर्बीण, मग लेझर: मुलांच्या स्वरयंत्रातल्या पॅपिलोमाचे उपचार टप्प्याटप्प्याने

"डॉक्टर, तुमच्याकडे कुठलं लेझर आहे?" मुलाच्या घशात मस, म्हणजे पॅपिलोमा, आहेत असं कळलं की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. आधी विचारायचं ते वेगळं: मस नेमके कुठे कुठे आहेत, ते कशातून बघितले, आणि त्याचं रेकॉर्डिंग मला मिळेल का? मस कुठला आणि निरोगी स्वरपट्टी कुठली हे लेझरला कळत नाही. जिथे धरला तिथे तो जाळतो. कुठे धरायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबायचं, हे दुर्बिणीतलं चित्र ठरवतं.

या आजाराचं कागदावरचं नाव रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. फाइलवर नुसतं 'आरआरपी' लिहिलेलं दिसेल. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे स्वरयंत्रात चामखिळी उगवतात. मुलांमध्ये निदान बहुतेकदा २ ते ४ वर्षांच्या वयात होतं, आणि जितक्या लहान वयात सुरुवात तितका आजार जास्त चिवट. हा कॅन्सर नाही, पण परत परत येतो. कारण विषाणू मसापुरता राहत नाही. शेजारच्या, दिसायला अगदी निरोगी अस्तरातही तो बसलेला असतो. म्हणून 'एकदाच काय ते मुळासकट जाळून टाका' हा आग्रह इथे चालत नाही. खोल जाळलं तरी विषाणू जात नाही, आवाज मात्र कायमचा जातो. श्वास मोकळा ठेवणं, आवाज जपणं आणि दोन ऑपरेशनांमधलं अंतर वाढवत नेणं, एवढंच ध्येय ठेवायचं.

लेख पालकांसाठी आहे. पण पहिला टप्पा फॅमिली डॉक्टरांनीही वाचावा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

## टप्पा १: आवाज बसलाय, पण सर्दी नाही

मूल जन्मापासून घोगरं रडतंय, किंवा छान बोलणाऱ्या मुलाचा आवाज हळूहळू बसत गेला आणि चार आठवड्यांत उघडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्यायचं. सोबत श्वासाचाही आवाज येत असेल तर चार आठवड्यांची वाट बघायची नाही.

इथे गाडी अडते ती दम्याच्या शिक्क्यावर. 'छातीत घरघर आहे' म्हणून नेब्युलायझर, मग पंप, मग स्टेरॉइडचं सिरप. स्टेरॉइडने थोडी सूज उतरते, दोन दिवस बरं वाटतं, आणि दम्याच्या निदानावर सगळ्यांचाच विश्वास बसतो. ओळखायची खूण अशी: दम्याची शिट्टी बहुतांशी श्वास सोडताना वाजते. स्वरयंत्रात अडथळा असला तर श्वास आत ओढताना आवाज येतो, आणि बोलणंही घोगरं झालेलं असतं. नुसत्या दम्यामुळे आवाज महिनोन्महिने बसून राहत नाही.

दुसरी गफलत टॉर्चची. 'डॉक्टरांनी घसा बघितला, टॉन्सिल ठीक आहेत' हे ऐकून घरचे निर्धास्त होतात. टॉर्चच्या उजेडात टॉन्सिल दिसतात. स्वरयंत्र जिभेच्या मुळामागे, त्याच्या बरंच खाली असतं. तोंड कितीही मोठं उघडलं तरी ते दिसायचं नाही.

तपासणीला जाण्याआधी मोबाइलवर तीन क्लिप तयार ठेवा.

पहिली, मूल बोलताना किंवा गाणं म्हणताना. दुसरी, गाढ झोपेत: सदरा वर केलेला, दिवा लावलेला, पंखा आणि टीव्ही बंद, मानेचा खळगा आणि बरगड्या फ्रेममध्ये. अर्धा-पाऊण मिनिट पुरे. श्वासाबरोबर खळगा आत ओढला जातोय का, हे या क्लिपमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं ओपीडीत रडणाऱ्या मुलात दिसत नाही. तिसरी नव्याने काढायचीच नाही. मागच्या वाढदिवसाचा व्हिडिओ शोधा. तेव्हाचा आणि आत्ताचा आवाज लागोपाठ ऐकवला की 'आवाज कधीपासून बसलाय?' याचं उत्तर तारखेसकट मिळतं.

थांबा: ओठ निळसर पडणं, छाती आत ओढली जाणं, लाळ गळणं, मूल मलूल होऊन झोपेला येणं, यातलं काहीही दिसलं तर क्लिप काढत बसू नका. बालरुग्णांचा आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट इमर्जन्सीत जा.

## टप्पा २: जागेपणीची दुर्बीण

नाकातून घालायची ही लवचीक दुर्बीण जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. नाकात बधिरतेचे थेंब टाकतात, मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली, आईचा एक हात मुलाच्या हातांवर, दुसरा कपाळावर. मिनिटभरात काम होतं. मूल रडतं, आणि रडणं इथे कामाचं असतं, कारण रडताना स्वरपट्ट्या उघडतात-मिटतात आणि दोन्ही नीट हलताहेत का ते कळतं. भूल दिल्यावर ही हालचाल तशी बघता येत नाही. 'पुढे भुलीत बघणारच आहेत, मग आत्ता कशाला त्रास?' म्हणून हा टप्पा गाळणारे नेमकी ही माहिती गमावतात.

तपासणीच्या आधी दोनेक तास पोटभर खाऊ-पिऊ घालू नका, उलटी होते. मुलाला बसल्या जागी दम लागत असेल तर ही तपासणी ओपीडीत करायचीच नाही. ती ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ शेजारी असतानाच करायची.

कॅमेऱ्यात मस दिसतात ते गुलाबी-पांढुरके, खडबडीत, लहान द्राक्षांच्या घडासारखे. कॅमेरा जोडलेला असेल तर रेकॉर्डिंग मागून घ्या. नुसत्या डोळ्याने बघून कागदावर काढलेलं चित्र पुढच्या वेळी तुलनेला फारसं उपयोगी पडत नाही.

सीटी स्कॅनबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पालक तो स्वतःहून करून आणतात. स्वरपट्टीवरचा बारीक मस सीटीत दिसेलच असं नाही, आणि मानेच्या साध्या एक्स-रेवरून तर तो नाही असं म्हणताच येत नाही. किरणांचा डोस मात्र लहान मुलाला पडतोच. मस श्वासनलिकेतून खाली फुप्फुसात उतरल्याची शंका असेल, म्हणजे वारंवार न्यूमोनिया होतोय किंवा एक्स-रेत गाठी वा पोकळ्या दिसताहेत, तेव्हाच छातीचा सीटी करायचा. स्वरयंत्रासाठी दुर्बीणच.

तपासा: या टप्प्याअखेर हातात तीन गोष्टी हव्यात: स्वरपट्ट्या हलतात की नाही, वाट साधारण किती अडली आहे, आणि व्हिडिओ.

## टप्पा ३: ऑपरेशनची तयारी

रुग्णालय निवडताना लेझर मशीनच्या मॉडेलपेक्षा माणसं बघा. लहान मुलांच्या श्वसनमार्गाच्या शस्त्रक्रियेत रुळलेला भूलतज्ज्ञ आहे का? मुलांच्या मापाच्या दुर्बिणी आहेत का? रात्री गरज पडली तर बालरुग्णांचा आयसीयू त्याच इमारतीत आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर लेझर कितीही भारी असो, दुसरीकडे बघा. हे ऑपरेशन एकदाच होणारं नाही, म्हणून खर्चाचाही विचार आत्ताच करायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, दाखल झाल्यावर नव्हे.

उपाशी ठेवण्याचे तास भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळायचे. सर्वसाधारण नियम असा: जेवण, बिस्किटं, गाई-म्हशीचं किंवा पावडरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. केस रद्द होतात त्या बहुधा चहामुळे. 'काही दिलं नाही हो, फक्त दोन घोट चहा.' दूध घातलेला चहा म्हणजे दूधच. घरातल्या सगळ्यांना हे आदल्या रात्री सांगा, विशेषतः नातवंडाचा उपास न बघवणाऱ्या आजीला. आणि दिलं गेलंच असेल तर लपवू नका. पोटातलं भुलीत फुप्फुसात गेलं तर ते ऑपरेशनपेक्षा महाग पडतं.

सहा-सात वर्षांच्या मुलांचे दात तपासून घ्या. स्वरयंत्र दाखवणारी धातूची नळी वरच्या दातांना अगदी लागून जाते. हलणारा दुधाचा दात त्या वेळी सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. 'हा दात हलतोय' हे एक वाक्य सकाळी भूलतज्ज्ञांच्या कानावर घालायचं.

सर्दी-खोकला-ताप असेल तर फोन करून विचारा. एरवी अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलतात, पण श्वास अडलेला असेल तर ढकलता येतंच असं नाही. निर्णय त्यांचा, कळवण्याचं काम तुमचं.

संमतीपत्रावर 'ट्रेकिऑस्टॉमी' हा शब्द असेल. वाचून घाबरायला होतं. जीव वाचवायला दुसरा मार्ग उरला नाही तर गळ्याला छेद देऊन नळी बसवायची तयारी, असा त्याचा अर्थ. या आजारात ती शक्य तेवढी टाळतात, कारण नळीच्या वाटेने मस खाली श्वासनलिकेत पसरायचा धोका वाढतो. बसवावीच लागली तर लवकरात लवकर काढायची. हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि मग सही करा.

शेवटचं काम: जुना व्हिडिओ आणि जुने बायोप्सी रिपोर्ट फाइलमध्ये वर लावा, आणि एक कोरा पेन ड्राइव्ह सोबत न्या. 'आज ऑपरेशनचं रेकॉर्डिंग द्याल का?' हे सकाळी विचारायचं. संध्याकाळी विचारलं तर पुष्कळदा रेकॉर्डरचं बटणच दाबलेलं नसतं.

## टप्पा ४: थिएटरमध्ये, लेझर सुरू होण्याआधी

सगळ्या लेखात महत्त्वाचा हाच टप्पा. पालक इथे नसतात, पण आत काय क्रमाने व्हायला हवं हे माहीत असलं तर नंतर नेमके प्रश्न विचारता येतात.

श्वासाची वाट आणि ऑपरेशनची जागा इथे एकच. त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि सर्जन आधी ठरवून घेतात: मूल नळीशिवाय स्वतःच श्वास घेत राहील, की अधूनमधून नळी घालायची-काढायची, की लेझरसाठीची खास नळी वापरायची. प्रत्येकाचे फायदे-तोटे आहेत. जोराच्या झोताने हवा देण्याची पद्धत मसाचे कण खाली ढकलू शकते, म्हणून या आजारात ती जपून वापरतात.

मग पाहणी. काहीही कापण्या-जाळण्याआधी संपूर्ण पाहणी. हा क्रम उलटला की सगळं बिघडतं. वाट अडवणारा मोठा मस समोर दिसतो, हात शिवशिवतो, तो काढला की रक्त येतं, आणि मग बारीक मस कुठे होते ते कळत नाही. जीव घाबरा करणारा अडथळा असेल तर तो आधी थोडा मोकळा करावा लागतो, तो अपवाद. एरवी आधी बघायचं.

सरळ बघणारी दुर्बीण, म्हणजे ० अंशाची, समोरचं दाखवते. पण मसांना आडोसा आवडतो. जिथे एका प्रकारचं अस्तर संपून दुसरं सुरू होतं त्या सीमेवर ते उगवतात: स्वरपट्टीच्या खालच्या अंगाला, खऱ्या आणि खोट्या स्वरपट्टीमधल्या खाचेत, एपिग्लॉटिसच्या, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या, पाठीमागे, टाळूच्या नाकाकडच्या बाजूला, श्वासनलिका दुभंगते तिथे. यातल्या आडोशाच्या जागा ३० आणि ७० अंशांत वळून बघणाऱ्या दुर्बिणींनीच नीट दिसतात. नुसत्या सरळ दुर्बिणीने 'सगळं साफ' झालेल्या मुलाला थोड्याच आठवड्यांत पुन्हा त्रास सुरू होतो, तेव्हा आजार वेगाने वाढला असं सगळे म्हणतात. खरं तर खाचेतला मस तिथेच होता, कुणी वळून बघितलं नव्हतं.

पांढऱ्या उजेडातलं रेकॉर्डिंग झालं की एनबीआय, म्हणजे नॅरो बँड इमेजिंग. दुर्बिणीवरचं एक बटण दाबलं की उजेड फक्त दोन पट्ट्यांत येतो: ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० चा हिरवा. दोन्ही रंग रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. मसाच्या प्रत्येक बोंडाच्या मधोमध एक केशवाहिनी असते. पांढऱ्या उजेडात नुसता खरखरीतपणा दिसत होता तिथे आता फिक्या पार्श्वभूमीवर गडद तपकिरी ठिपके दिसू लागतात, एका बोंडात एक. स्वरपट्टीच्या काठावर, जिथे काहीच नाही असं वाटलं होतं, तिथे असे चार-पाच ठिपके एका ओळीत दिसले की कॅमेऱ्याचा उपयोग काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

एनबीआयच्याही मर्यादा आहेत, आणि उत्साहात त्या विसरल्या जातात. रक्ताचा पातळ थर आला तरी सगळं काळवंडतं, म्हणून ही पाहणी कशालाही हात लावण्याआधी करायची. आम्लपित्ताने किंवा नुकत्याच झालेल्या संसर्गाने सुजलेलं अस्तरही गडद दिसतं. आधीच्या ऑपरेशनच्या व्रणावर वेड्यावाकड्या वाहिन्या असतात. गडद दिसलं ते सगळं मस समजून जाळत सुटलं तर निरोगी भाग हकनाक जातो. ठिपक्यांची विशिष्ट ठेवण दिसली तरच मस म्हणायचं, शंका असेल तिथे तुकडा तपासायला द्यायचा.

काही मोजक्या ठिकाणी, मुख्यतः संशोधनात, ओसीटीही वापरतात. डोळ्याच्या पडद्यासाठी नेत्ररुग्णालयात होते तीच ओसीटी, बारीक प्रोबवर बसवलेली. ती प्रकाशाच्या मदतीने अस्तराचा उभा छेद दाखवते, साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीपर्यंत. दुर्बीण पृष्ठभाग दाखवते, ओसीटी जाडी दाखवते: मस अस्तरात किती जाड आहे आणि त्याखालचा स्वरपट्टीचा मऊ, थरथरणारा थर कुठे सुरू होतो. लेझर त्या थराच्या वर थांबवायचा असतो, म्हणून कल्पना फार मोलाची आहे. पण ती उपलब्ध नाही म्हणून ऑपरेशन अडवून धरू नका. चांगल्या वळत्या दुर्बिणी आणि एनबीआय यांवर उत्तम काम होतं.

पाहणीचा हिशेब गुणांत मांडतात. डर्के स्कोअर नावाची पद्धत आहे. श्वसनमार्गाच्या २५ जागा, प्रत्येक जागेला ० ते ३ गुण: काही नाही ०, नुसता पृष्ठभागावर पसरलेला १, उंचावलेला २, मोठा घड ३. बेरीज डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पुढच्या वेळी 'जास्त आहे की कमी' यावर वाद होत नाही.

शेवटी बायोप्सी, लेझर लावण्याआधी. जळलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टला नीट वाचता येत नाही. पहिल्या ऑपरेशनला बायोप्सी हवीच, पुढेही अधूनमधून हवी, कारण क्वचित का होईना पेशींत वाईट बदल होऊ शकतात. शक्य असेल तिथे विषाणूचा प्रकार ६ की ११ हेही बघतात. ११ असेल तर सहसा जास्त त्रास देतो.

## टप्पा ५: लेझर, आणि मध्ये मध्ये पुन्हा चित्र

मुख्यतः दोन लेझर ऐकू येतील. कार्बन डायऑक्साइड लेझर, १०,६०० नॅनोमीटर: पेशीतलं पाणी त्याला शोषतं, तो नेमका कापतो आणि वाफ करतो. केटीपी लेझर, ५३२ नॅनोमीटर: हिमोग्लोबिन त्याला शोषतं, बारीक तंतूतून तो खाचेतही पोचवता येतो, आणि मसाच्या वाहिन्या आतून गोठवतो. एनबीआयचा हिरवा उजेड आणि केटीपी जवळजवळ एकाच रंगाचे आहेत. म्हणजे एनबीआयमध्ये जे गडद दिसतं तेच केटीपी जास्त शोषतं. हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही: सुजलेल्या निरोगी भागातल्या वाहिन्याही तो तितक्याच आनंदाने घेतो.

मोठे घड काढायला मायक्रोडिब्रायडर, म्हणजे फिरतं पातं आणि सक्शन असलेलं हत्यार, पुष्कळदा लेझरपेक्षा बरं. त्याने उष्णता लागत नाही. बरेच सर्जन मोठा भाग त्याने काढतात आणि काठाजवळचं नाजूक काम लेझरने करतात. 'लेझर म्हणून पैसे घेतले आणि पातं वापरलं' ही तक्रार ऐकू येते. ती गैरसमजातून आहे.

आगीची खबरदारी. ऑक्सिजन, जळू शकणारी नळी आणि लेझर एका जागी आले तर श्वासनलिकेत आग लागू शकते. म्हणून लेझर चालू असताना ऑक्सिजनचं प्रमाण शक्यतो ३० टक्क्यांच्या आत ठेवतात आणि नायट्रस ऑक्साइड वापरत नाहीत, तोही आग भडकवतो. ओले बोळे आत ठेवायचे, मुलाच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, नळीच्या फुग्यात हवेऐवजी रंगीत सलाइन, म्हणजे फुगा फुटला तर लगेच दिसेल. सलाइन भरलेली सिरिंज हाताशी. आग लागलीच तर लेझर बंद, वायू बंद, नळी बाहेर, सलाइन आत, आणि हे सगळं एका दमात. उपस्थितांचे चष्मे त्या त्या लेझरचेच हवेत, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. धुरात विषाणूचे अंश असतात, त्यामुळे धूर ओढणारं यंत्र आणि एन-९५ मास्क हवेतच.

काम थोड्या थोड्या भागात करायचं. एक भाग झाला की थांबायचं, अॅड्रिनलिनच्या ओल्या बोळ्याने रक्त थांबवायचं, सलाइनने धुवायचं, वळत्या दुर्बिणीने पुन्हा बघायचं. केटीपीने मस पांढराफटक पडला की तिथलं काम झालं. तो जागेवरून उडालाच पाहिजे असं नाही, पुढच्या दिवसांत गळून पडतो. मसाच्या बुंध्याशी निरोगी अस्तर दिसू लागलं की थांबायचं. त्याखाली जायचं नाही.

आणि स्वरपट्ट्या पुढे जिथे एकमेकींना मिळतात, त्या कोपऱ्याविषयी. दोन्ही बाजू एकाच बैठकीत सोलल्या गेल्या तर भरून येताना त्या एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. मस परत आला तर काढता येतो, हा पडदा मात्र सुधारायला फार जड जातो. म्हणून तिथे एका बाजूला १ ते २ मिलिमीटर मस मुद्दाम ठेवतात. डिस्चार्ज कार्डावर 'पुढच्या कोपऱ्यात मस शिल्लक' असं वाचून पालक चिडतात, दुसरं रुग्णालय गाठतात, आणि तिथला नवा, उत्साही हात तेवढंही काढून टाकतो. मुद्दाम ठेवलं का, हे आधी विचारा. बहुधा उत्तर 'हो' असेल, आणि ते चांगल्या सर्जनचं लक्षण आहे.

तपासा: शेवटचे फोटो सुरुवातीच्याच कोनांतून काढलेले हवेत. आधीचा फोटो ७० अंशांचा आणि नंतरचा ० अंशाचा असेल तर तुलना करणं व्यर्थ.

## टप्पा ६: पहिली रात्र

नवजात बाळाची स्वरपट्ट्यांखालची वाट साधारण ४ मिलिमीटर रुंद असते. सभोवार एक मिलिमीटर सूज आली की उरते २, म्हणजे मोकळी जागा एक चतुर्थांश. मोठ्या मुलात वाट जास्त असली तरी हिशेब तोच. म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि मुलाला निदान काही तास, बहुधा रात्रभर, देखरेखीखाली ठेवतात. 'आता छान खेळतोय, घरी सोडा' असा आग्रह धरू नका.

पाणी-दूध कधी द्यायचं ते परिचारिका सांगतील. घशात बधिर करणारा फवारा मारलेला असेल तर त्याचा असर जाईपर्यंत ठसका लागतो. लहान मुलाकडून मौन पाळून घेणं कुणालाच जमत नाही, त्याच्या मागे लागू नका. ओरडू देऊ नका एवढं पुरे. कुजबुजायला सांगणंही टाळा, साधं हळू बोललेलं बरं.

आवाज लगेच सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिले काही दिवस तो आधीपेक्षा वाईटही असू शकतो.

थांबा: घरी आल्यावर श्वास ओढताना आवाज वाढत गेला, गळ्याचा खळगा आत जाऊ लागला किंवा लाल रक्त पडलं, तर वाफ किंवा काढा देत बसायचं नाही. निघायचं.

## टप्पा ७: पुढची तारीख कशी ठरते

आवाज मोकळा झाला, मूल शाळेत रमलं, आणि पुढच्या तपासणीला यायचं राहून गेलं. मग थेट रात्री दोन वाजता इमर्जन्सीत. हे टाळायचं असेल तर पहिल्या वर्षात डॉक्टर देतील ती तारीख आवाजावर अवलंबून ठेवू नका. स्वरपट्टीवर मस नसला तर आवाज स्वच्छ राहतो, पण वरच्या खाचेत किंवा खाली श्वासनलिकेत तो खुशाल वाढू शकतो.

प्रत्येक भेटीत मागच्या वेळचा फोटो आणि आजचा फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावायला सांगा. गुणांची बेरीज बघा. अंतर दोन महिन्यांवरून चारवर गेलं तर उपचार बरोबर चाललेत, मस पूर्ण गेले नसले तरी. उलट, मस कमी दिसताहेत तरी आवाज बिघडतच चाललाय, तर व्रण किंवा पडदा झालाय का ते शोधायचं. अशा वेळी पुन्हा लेझर मारणं म्हणजे दुखण्यावर दुखणं.

वर्षात चारपेक्षा जास्त ऑपरेशनं लागताहेत, मस खाली पसरताहेत किंवा फार वेगाने वाढून वाट अडवताहेत, तर औषधांच्या जोडीचा विचार करतात. सध्या जास्त चर्चा बेव्हॅसिझुमॅबची आहे. मसाला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या ते रोखतं, आणि ते देताना रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहावं लागतं. सिडोफोव्हिर हे जुनं औषध मसातच टोचतात. दोन्ही या आजारासाठी मूळ परवान्याबाहेर वापरली जातात, त्यामुळे लेखी माहिती घेऊनच हो म्हणा. 'अमेरिकेत नवं इंजेक्शन आलंय' हा निरोप अनेकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. २०२५ मध्ये तिथे मंजुरी मिळाली ती प्रौढ रुग्णांसाठी, लहान मुलांसाठी नव्हे.

## टप्पा ८: घरच्यांसाठी

आईला दोष देणं आधी थांबवा. विषाणू बहुधा जन्माच्या वेळी बाळाकडे येतो, पण तो समाजात अतिशय सर्रास आढळतो, आणि ज्या आयांकडे तो असतो त्यांच्याही बहुतेक बाळांना हा आजार होत नाही. सिझेरियननेही तो हमखास टळत नाही. मूल शाळेत जाऊ शकतं, भावंडांसोबत खेळू-जेवू शकतं.

लस मात्र मनावर घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चारही प्रकार आहेत. ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांनाही ती देता येते. एचपीव्हीची प्रत्येक लस ६ आणि ११ वर चालत नाही, घेताना नाव बघा. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना सरकारी लसीकरण सुरू झालं आणि पुढच्या दशकात तिथे मुलांमधल्या या आजाराचे नवे रुग्ण अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आजारी मुलाला लस द्यायची का, केव्हा, हे त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आत्ताच्या ऑपरेशनला मात्र ती पर्याय नाही.

एक शेवटचं काम आजच करा. अर्ध्या कागदावर लिहा: मुलाचं नाव आणि वजन, 'स्वरयंत्रात पॅपिलोमा, दमा नाही', शेवटच्या ऑपरेशनची तारीख, त्या वेळी श्वासनलिकेत कुठल्या मापाची नळी गेली (भूलतज्ज्ञांना विचारा, त्यांच्या नोंदीत असतं), पुढच्या कोपऱ्यात मस मुद्दाम ठेवलाय का, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. एक प्रत शाळेच्या दप्तरात, एक फाइलमध्ये, एक फोटो आई-वडील दोघांच्या मोबाइलवर. लग्नाला किंवा सुट्टीत परगावी गेलात आणि तिथे श्वास अडला, तर अनोळखी डॉक्टरांच्या हातात सगळ्यात आधी हा कागद द्यायचा, जाड फाइल नंतर.